पाखरांच्या खेळासाठी सत्त्याऐंशी सह्या

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कुणी नव्हता, आणि हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. कुणाला बदली थांबवायची असो, कुणाला मुलाची जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायची असो, माणूस माझ्याच टेबलाशी यायचा. मी आधी चष्मा पुसायचो, मग टाइपरायटरला कार्बन लावून तीन कागद चढवायचो आणि समोरच्याकडे न बघता विचारायचो, "विषय काय?" पंधरा वर्षं टाइपिंग केल्यामुळे बोटांना अक्षरं आपोआप सापडत, डोळे मोकळे राहत. ते मोकळे डोळे मी लोकांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघण्यासाठी वापरत असे. माणसाला एखादी गोष्ट बरी जमू लागली की ती जगात सगळीकडे चालेल असं त्याला वाटायला लागतं. मलाही वाटलं.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. आम्ही लकडगंजच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. खाली घरमालकीण, वर एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला एक इंजिनीअरचं कुटुंब. माझी बायको उमरेडजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याघरची. माझं घराणं नागपुरात जुनं, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी करणारं. शुद्ध बोलण्याचा आम्हाला उगीचच अभिमान. घरमालकीणही त्याच वळणाची. बायको नळावर गेली आणि म्हणाली, "मले एक बादली भरू द्या," की घरमालकीण प्रेमानं सांगायची, "मले नाही गं, मला." बायको हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "मले" म्हणायची. हळूहळू तिनं नळावर बोलणंच कमी केलं. मला ते दिसत होतं. मी काही केलं नाही, कारण मनातून मला घरमालकिणीचंच बरोबर वाटत होतं.

मग इंजिनीअरच्या भावानं आखातातून टीव्हीला जोडायचा एक डबा आणला. त्यात कॅसेट खुपसायची, हातात दांडी धरायची आणि पडद्यावर खेळ खेळायचा. कॅसेट एकच होती. खेळ असा: खाली पिकाचं शेत, मधे गोफण घेतलेला एक बुटका माणूस, आणि वरून रंगीबेरंगी पाखरं दाणे खायला उतरतात. दांडी हलवली की माणूस सरकतो, दांडीवरचं बटन दाबलं की गोफणीतून गोटा सुटतो. एक शेत राखलं की दुसरं शेत, तिथली पाखरं जास्त चपळ. नवव्या शेतात घार येते, असं कॅसेटच्या खोक्यावर छापलेलं होतं. इंजिनीअर स्वतः पाचव्या शेतापुढे कधी गेला नव्हता. मी दुसऱ्यातच संपायचो, आणि दर वेळी दांडी ढिली आहे असं सांगायचो. "नाचता येईना, अंगन वाकडं," बायको म्हणायची, पण हळू आवाजात.

एका दुपारी इंजिनीअरच्या बायकोनं तिच्या हातात दांडी दिली. संध्याकाळी मी घरी आलो तर घरमालकीण जिन्यातच उभी. "अहो, तुमच्या हिनं घार मारली," ती म्हणाली. तिच्या तोंडून माझ्या बायकोबद्दल इतक्या आदरानं काही ऐकण्याची माझी पहिलीच वेळ होती.

त्यात नवल नव्हतंच. लहानपणी ज्वारी हुरड्यावर आली की दरवर्षी ही पोरगी शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून दिवसभर गोफण फिरवायची. पडद्यावर आम्ही सगळे पाखरू दिसलं की त्याच्यावर गोटा मारायचो आणि तो चुकायचा. तिला मी विचारलं, तुझा कसा लागतो? "पाखरू जिथं हाये तिथं मारलं त गोटा रिकामा जाते," ती म्हणाली. "जिथं येनार हाये तिथं मारा लागते." मी मान डोलावली आणि पुन्हा दुसऱ्या शेतात संपलो.

त्यानंतर वर्षभर आमच्या माडीवर रोज दुपारी जत्रा. बाजूच्या घरांतल्याही बायका यायच्या. बायको खाली मांडी घालून बसायची, पदर खोचायची, दांडी मांडीवर टेकवायची आणि पडद्यावरून नजर न हलवता बोलत राहायची. "आता हे हिरवं पाहा कसं लबाडी करून राहिलं." "अवो, घाबरून काहून राहिल्या, अजून लय दाने हायेत." सगळ्या हसायच्या आणि कुणी तिची भाषा दुरुस्त करायचं नाही. नळावरसुद्धा घरमालकीण आता तिलाच आधी बादली लावू द्यायची. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत ती या घरात इतकी मोकळी मला कधी दिसली नव्हती. मला त्याचं बरं वाटायचं आणि थोडं टोचायचंही, कारण त्यात माझा काही हात नव्हता.

आणि मग इंजिनीअरची जबलपूरला बदली झाली. सामान ट्रकवर चढलं, त्यात तो डबाही. तसा डबा नागपुरात विकत मिळत नव्हता आणि परदेशातून आणून देणारं आमचं कुणी नव्हतं. आठवड्याभरानं मी दुपारी लवकर घरी आलो तर बायको गहू निवडत बसली होती. ते गहू तिनं आदल्या दिवशीच निवडलेले होते. नळावर घरमालकिणीनं पुन्हा "मले नाही गं" सुरू केलं होतं. एवढं सगळं त्या एका डब्यावर टांगलेलं होतं, आणि हे मला पहिल्यांदाच स्वच्छ कळलं. मला काहीतरी करावंसं वाटलं. मला येत काय होतं? अर्ज.

त्या सुमारास मी सदरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासला संध्याकाळी जात होतो. ऑफिसात कॉम्प्युटर येणार आणि टाइपिस्ट घरी बसणार अशी आवई होती, म्हणून आम्ही चारपाच जण घाबरून तिथं नाव घातलेलं. क्लासमध्ये तीन मशिनं, गालिचा आणि कूलर. चपला जिन्यात काढून हात जोडल्यासारखं आत जायचं. मास्तर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, टाय लावणारा. त्याला मी विचारलं, तो पाखरांचा खेळ यावर चालेल का?

"नही सर, वो डब्बेका है," मास्तर म्हणाला. "याच्यात नाही चालत. कंपनीनं यासाठी वेगळा काढला त होऊन जाईल. दुपारी मशीन रिकामीच राहते, वहिनीले घेऊन या मंग."

कंपनीनं काढला तर. म्हणजे कंपनीला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं. कॅसेटच्या खोक्यावरचा सातासमुद्रापलीकडचा पत्ता मी ट्रक भरला जाताना उतरवून घेतला होता. कशासाठी, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पत्ता दिसला की उतरवून घ्यायचा, ही आमची सवय.

रविवारी सकाळी मी घरीच टाइपरायटर मांडला. बायको चहा घेऊन आली. "काय लिहून राहिले?"

"तुझ्याचसाठी आहे. तो पाखरांचा खेळ इथं आणतो."

ती तिथंच उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. "मंग त्याच्यात असं लिहा का..." तिनं सुरुवात केली.

"हे ड्राफ्टिंगचं काम आहे," मी म्हणालो. "तुला त्यातलं नाही कळायचं." ती कप ठेवून आत गेली, आणि मी नवा परिच्छेद घेतला.

तो अर्ज मला अजून बराचसा पाठ आहे. "विषय: पाखरे हाकलण्याचा खेळ संगणकावर उपलब्ध करून देणेबाबत. संदर्भ: निरंक. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की..." पुढे अकरा मुद्दे. सदर खेळामुळे पीकसंरक्षणाबाबत जनजागृती होते, हा मुद्दा तीन. खेळाडूंची एकाग्रता वाढून कार्यालयीन कामकाजास गती येते, मुद्दा सात. अकराव्या मुद्द्यात मी विदर्भातील समस्त खेळाडूंच्या तीव्र भावना कळवल्या होत्या. समस्त खेळाडू म्हणजे त्या वेळी खरं सांगायचं तर एक बाई, आणि ती आत भाजी चिरत होती.

इंग्रजी भाषांतर आमच्या हेडक्लार्कनी केलं. ते निवृत्तीला आलेले होते आणि त्यांच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्य गुडघ्यावर बसूनच सुरू व्हायचं. मुळात तीन पानं होती, भाषांतराची साडेचार झाली.

मग सह्या. एकट्याच्या अर्जाला वजन नसतं हे आमच्या खात्यात शिपायालाही ठाऊक. मी सह्यांचा तक्ता आखला: अनुक्रमांक, नाव, पदनाम, सही. सही मागितली की नाही म्हणायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती, कारण उद्या आपल्यालाही लागते. त्यामुळे सह्या भराभर झाल्या. एकानं सही करता करता विचारलं, "पान्याच्या कूलरचाच हाये ना गा?" मी म्हणालो, "त्यातलाच." दुसऱ्यानं पुढे दोन महिने मला जिन्यात गाठून विचारलं, "आपल्या महागाई भत्त्याचं काही कळलं काय?" त्यालाही मी पाठपुरावा चालू आहे असं सांगत राहिलो.

खरी अडचण पहिल्या सहीची. सह्या ज्येष्ठतेनुसार व्हायला हव्यात, आणि आमच्या दोन वरिष्ठ लिपिकांत ज्येष्ठ कोण, हा वाद कित्येक वर्षं वरपर्यंत गेलेला होता. एकाच्या खाली दुसरा सही करेना. चार दिवस पाखरांचा खेळ त्यावर अडकला. शेवटी मी एक क्रमांकाच्या ओळीत शेजारी शेजारी दोन चौकोन आखले आणि दोघांना वेगवेगळं गाठून एकाला सांगितलं की डावा चौकोन वरचा असतो, आणि दुसऱ्याला सांगितलं की उजवा. या तोडग्यावर मी इतका खूश होतो की तो बायकोला घरी दोनदा सांगितला.

एकूण सत्त्याऐंशी सह्या जमल्या. त्यातल्या एकानंही तो खेळ पाहिलेला नव्हता. आणि ज्या एकीनं घार मारली होती, तिची सही घ्यावी हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी पदनामाच्या रकान्यात काय लिहायचं यावर अडलो असतो.

अर्ज योग्य मार्गानं जावा म्हणून मी तो अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला. खेळाच्या कंपनीला लिहायला आमच्या अधीक्षकांची गरज काय, असा प्रश्न आज कुणीही विचारील. तेव्हा मला पडला नाही, त्यांनाही पडला नाही. त्यांनी तीन दिवस कागद ठेवून घेतला आणि शेरा मारला, "या कार्यालयावर कोणताही भार पडणार नसल्यास पुढे पाठविण्यास हरकत नाही." तो शेराही हेडक्लार्कनी इंग्रजीत केला. सगळं पोचपावतीसह रजिस्टरनं गेलं. पोस्टातून मी मान ताठ करून बाहेर पडलो.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. दोन ओळी, छापील सही, आणि सोबत हिरव्या पाखराचं एक चिकटवायचं चित्र. आपल्या पत्राबद्दल आभार, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. आता, संबंधित विभागाकडे पाठवली आहे या वाक्याचा अर्थ माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? ते वाक्य मी स्वतः हजारो माणसांना टाइप करून पाठवलं होतं, आणि कागद फाइलला लावून चहाला गेलो होतो. तरी परक्या देशाच्या तिकिटाखाली ते वाचलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पत्र ऑफिसभर फिरवलं. हिरवं पाखरू बायकोला दिलं. तिनं ते पिठाच्या डब्यावर चिकटवलं आणि विचारलं, "मंग कधी येते खेळ?"

"येईल," मी म्हणालो. "विभागाकडे गेलंय." ती महिन्यातून एकदा तरी विचारायची, सहज विचारल्यासारखं. मी दर वेळी तेच उत्तर द्यायचो.

आणि गंमत अशी की खेळ खरंच आला. वर्षावर काळ लोटला होता. मास्तरचा ऑफिसात फोन आला, "सर, मुंबईहून फ्लॉपी आली. तुमचा पाखरवाला गेम." आता विचार केला तर कंपनीचं ते आधीच ठरलेलं असणार. आमची साडेचार पानं तिथं कुणी उघडली असतील तर हसण्यासाठीच. पण त्या दिवशी मला शंका आली नाही. मी संत्रा बर्फी मागवली आणि सत्त्याऐंशी जणांना वाटली. ज्येष्ठतेचा वाद टाळण्यासाठी त्या दोघांपुढे मी दोन खोकी एकदम उघडली. मागून कुणीतरी म्हणालं, "याच्या अर्जानं त अमेरिका हालते गा," आणि ते मी खरं मानलं.

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं ते खाली जाऊन घरमालकिणीला सांगितलं. दोन दिवसांनी दुपारी आम्ही सदरला निघालो. मी सायकलवर, मागून सायकलरिक्षात बायको आणि घरमालकीण. बायकोनं लग्नकार्याला नेसायची साडी नेसली होती. घरमालकीण रिक्षातून मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणत होती, "आज परत घार बघायला मिळणार." बायको हसत होती.

क्लासमध्ये मास्तरनं खुर्ची पुढे केली. ती बसली, तिनं पदर खोचला आणि टेबलावर इकडेतिकडे बघितलं. "दांडी कुठं हाये?"

"वहिनी, दांडी नाही, बटनं," मास्तर म्हणाला. "हे डावीकडे, हे उजवीकडे. ही लांब पट्टी दाबली का गोटा सुटते."

खेळ सुरू झाला. तेच शेत, तोच बुटका माणूस, तीच पाखरं. तिनं एक बोट पुढे केलं, मान खाली घालून बटन शोधलं, दाबलं. मान वर केली तोवर पाखरं दाणे घेऊन गेली होती. पहिलं शेत रिकामं झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. "पाखराकडे पाहू का बटनाकडे?" तिनं विचारलं. तिसऱ्या वेळीही पहिल्याच शेतात संपलं. क्लासची तीनचार मुलं आपापलं काम सोडून बघत होती. घरमालकीण तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "होतं गं, सवय लागावी लागते." तिच्या मनात वाईट नव्हतं. पण वर्षभर मिळालेलं सगळं त्या एका वाक्यात परत गेलं. बायको उठली आणि मला म्हणाली, "तुम्ही बसा."

मी नाही म्हणायला हवं होतं. किती सोपं आहे ते तिला दाखवावं, असा शहाणा विचार करून मी बसलो. आणि माझी बोटं चालू लागली. पंधरा वर्षं न बघता बटनं दाबणारी बोटं ती. डोळे पडद्यावर, हात आपोआप. दुसरं शेत गेलं, चौथं गेलं, सहावं गेलं. आयुष्यात प्रथमच गोटे लागत होते. मला कसलंच भान राहिलं नाही, मी खुर्चीत पुढे सरकून बसलो, बहुधा काहीतरी पुटपुटतही होतो. मुलं माझ्याभोवती जमली. नववं शेत आलं. मागून तिचा आवाज आला, अगदी हळू, "उजवीकडून येते ते. थांबा. आता." मी पट्टी दाबली आणि घार पडली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून बघितलं. तेव्हा कुठे मला कळलं की सत्त्याऐंशी सह्या गोळा करून मी तिचा खेळ तिच्या हातातून काढून माझ्या हातात आणला होता. मला तिथल्या तिथे फार लाज वाटली.

"तुमच्या अर्जात दांडीचं लिहिलं होतं काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मले इचारलं असतं त सांगतलं असतं," ती म्हणाली. रागावून नव्हे, नळावर पाणी आलं नाही हे सांगावं तसं. मग ती घरमालकिणीबरोबर बाहेर जिन्यात गेली आणि चपला घालू लागली.

मी मागोमाग उठलो. तेवढ्यात मास्तरनं खडू घेतला, कारण क्लासमधल्या पहिल्या नंबरचं नाव तो भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवायचा. त्यानं माझं नाव लिहिलं, त्यापुढे गुण लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. ते पुसून टाक असं त्याला सांगायला मी तोंड उघडलं. बाहेरून रिक्षा ठरवल्याचा आवाज येत होता. मग मी फक्त एवढंच म्हणालो की आडनाव नीट दिसत नाही, जरा ठळक करा.